पाच वाजताचा चहा बंद करायचाय, कॅफीन नसलेलं काय प्यावं?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. वय 47, शाळेत शिकवते, गेली वीस वर्षं दिवसाला पाच-सहा कप चहा. सहा महिने झाले रात्री दीड-दोनपर्यंत टक्क जागी असते, त्यात हिमोग्लोबिन 9.8 आलंय. डॉक्टर म्हणाले दुपारी तीननंतर चहा-कॉफी बंद, आणि जेवणाला लागून तर कधीच नाही. सकाळचे दोन कप मी सोडणार नाही, तसं त्यांना सांगूनही आलेय. प्रश्न पाच वाजताच्या कपाचा आहे. शाळेतून आलं की हातपाय धुवून आधण ठेवायचं, ओट्यापाशी उभं राहून ते उकळताना बघायचं, माझा अर्धा शीण तिथेच जातो, कोमट पाणी पिऊन ते होत नाही हो.

मागच्या महिन्यात तुळशीचा चहा म्हणून एक खोकं आणलं, वर भलीमोठी तुळशीची पानं आणि हर्बल असं लिहिलेलं, तीन आठवडे रोज संध्याकाळी प्यायले तरी झोप जैसे थे. काल भाचीने खोकं उलटं करून बारीक अक्षरं वाचली तर आत निम्म्याहून जास्त ग्रीन टी! फार वाईट वाटलं, मी तर विश्वासाने घेत होते. तर खरोखर कॅफीन नसलेलं काय आहे, त्याचा काही फायदा असतो का, आणि दूध घालून पिता येईल असं काही आहे का, अनुभव असेल तर सांगा.

औषधाच्या_दुकानातून
ताई, फार्मसिस्ट आहे, दुकानात रोज दोघं-तिघं हेच विचारतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. काळा, ग्रीन, व्हाइट, ऊलाँग हे सगळे एकाच झाडाच्या पानांचे, त्यामुळे सगळ्यात कॅफीन असतंच, कमीजास्त एवढंच. काश्मिरी कहवासुद्धा ग्रीन टीचाच. डिकॅफ लिहिलेल्यात पण थोडं उरतं. खोक्याच्या पुढे काय छापलंय ते बघूच नका, मागची घटकांची यादी वाचा, तिथे चहा किंवा ग्रीन टी हा शब्द दिसला की संध्याकाळसाठी ते नाही.

साधारण कपभर चहात 40-50 मिलीग्रॅम कॅफीन धरा, कॉफीत 80-100. आणि शरीरातून ते निम्मं व्हायला बहुतेकांना पाचेक तास लागतात (गरोदरपणात बरेच जास्त), म्हणजे सहाच्या कपातलं निम्मं अकरा वाजता अंगात असतंच, तुमचे डॉक्टर तीन म्हणाले ते काही उगाच नाही. एकदम बंद केलंत तर दुसऱ्या दिवशी डोकं धरेल, चिडचिड होईल, कोणाकोणाला आठवडाभर सुद्धा राहतं, म्हणून चार-चार दिवसांनी एकेक कप कमी करा.

हिमोग्लोबिनचं मात्र नीट ऐका. लोह शोषू न देण्याचं काम कॅफीन करत नाही, चहातली तुरट द्रव्यं करतात, आणि ती पुदिन्याच्या आणि कॅमोमाइलच्या चहातही थोडीफार असतात. त्यामुळे कॅफीन नाही म्हणून जेवणाबरोबर घेतला असं करू नका, आधी-नंतर तासभर मोकळा सोडा आणि लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या.

आणखी दोन-तीन गोष्टी. ज्येष्ठमध गोड लागतं म्हणून लोक रोज उकळून पितात, पण त्याने बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं, रोजच्या कपात ते नको. ज्यांना जळजळ होते त्यांना पुदिन्याने कधीकधी जास्तच होते. कॅमोमाइल शेवंतीच्या कुळातलं, त्या फुलांची ॲलर्जी असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर विचारल्याशिवाय नाही. झोपेला त्याने थोडा फरक पडतो असे छोटे अभ्यास आहेत, पण औषध समजून घेऊ नका. तुमची झोप मुख्यतः कॅफीन काढल्याने सुधारेल, त्या जागी काय पिताय त्याने कमी.

परसबाग
कशाला खोकी आणता, गवती चहाचा एक ठोंब मागून आणा कोणाकडून तरी!! आम्ही गुहागरकडचे, आमच्याकडे पातीचा चहा म्हणतात, न्हाणीच्या सांडपाण्यावर एवढं मोठं बेट झालंय. नाशकात कुंडीत पण येईल, ऊन आणि पाणी दिलं की बास. सगळे चहाच्या पावडरीत घालतात ना, पण पावडर न घालता तो नुसताच करून बघा, त्याला स्वतःची फार छान चव आहे जी पावडरीखाली दबून जाते.

माझी पद्धत सांगते, दोन कपाला चार-पाच लांब पाती, धुवून (कडा धारदार असतात, बोटावरून उलटी ओढू नका, चरकन कापतं) एकत्र धरून त्यांची गाठ मारायची, म्हणजे गाळताना त्रास नाही. पाण्यात किसलेलं आलं घालून आधी खळखळ उकळायचं, मग गाठ टाकून दोनच मिनिटं आणि गॅस बंद करून वर झाकण, पाच मिनिटं झाकण काढायचंच नाही, कारण तो जो लिंबासारखा वास आहे तो वाफेबरोबर उडून जातो, घरभर घमघमाट सुटला म्हणजे कपातला गेला. दूध हवं तर घाला पण आलं पाण्यात चांगलं उकळल्यावरच, कच्च्या आल्याने दूध फाटतं. गूळ सगळ्यात शेवटी, गॅस बंद केल्यावर. माझ्या सासूबाई 81 वर्षांच्या, संध्याकाळी हाच घेतात, आणि ओट्यापाशी उभं राहून उकळताना बघायचं तुमचं जे आहे ना ते यात अगदी तसंच होतं.

केपटाऊनकर
दुधाचा हवा असेल तर रॉयबॉस. मी सात वर्षं इथे आहे, पुण्याहून आलो तेव्हा मलाही चहाशिवाय जमत नव्हतं. केपटाऊनच्या उत्तरेला सीडरबर्गचे डोंगर आहेत, ही झुडपं तिथलीच, नावाचा अर्थच लाल झुडूप. सुईसारखी पानं कापून, चेचून, ओली करून ढीग लावतात, त्यात ती लाल होतात आणि मग उन्हात वाळवतात. खोय आणि सान लोकांना ही वनस्पती पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती, 2019 मध्ये कंपन्यांनी त्यांना विक्रीतला वाटा द्यायचा करार केला, फार उशिरा झालं पण झालं ते चांगलंच.

यात कॅफीन मुळातच नाही आणि तुरटपणाही चहापेक्षा बराच कमी, म्हणून दहा मिनिटं उकळला तरी कडू होत नाही, आपल्यासारख्या उकळून पिणाऱ्यांना हे फार सोयीचं. आलं-वेलची घालून दूध टाकलं की रंग थेट आपल्या चहाचा. चव मात्र चहाची नाही, थोडी गोडसर, लाकडासारखी, पहिले चार दिवस चुकल्यासारखं वाटेल. भारतात महाग पडतो, म्हणून आधी छोटं पाकीट घ्या.

मडगाव_मार्केट
आमच्याकडे गोव्यात कषाय करतात. धने भरपूर, जिरे त्याच्या पाव, थोडी बडीशेप, चार मिरी, मंद आचेवर भाजून जाडसर कुटून बरणीत भरून ठेवायचं, कपाला एक चमचा उकळून गूळ आणि दूध. पावसात तर दुसरं काही नकोच वाटतं.

वऱ्हाडी_ज्वारी
हिबिस्कस टी म्हणून ऑनलाइन महागडी पाकिटं विकतात त्याबद्दल लिहायचंच होतं. लोकांना वाटतं ती देवाला वाहतो ती जास्वंद, पण नाही, ती आपली लाल अंबाडी आहे! जिच्या पाल्याची ज्वारीच्या कण्या घालून भाजी करतो तीच. दिवाळीच्या पुढेमागे झाडाला लालभडक बोंडं येतात, आमच्याकडे यवतमाळला बाजारात ढिगाने असतात. मधली हिरवी बी काढून टाकायची आणि बाहेरच्या मांसल लाल पाकळ्या सावलीत वाळवायच्या, कडकडीत झाल्या की वर्षभर टिकतात. चार-पाच पाकळ्यांवर उकळतं पाणी ओतलं की मिनिटात कप डाळिंबासारखा लाल. चव आंबट, म्हणून दूध चालणार नाही, गूळ किंवा खडीसाखर.

याच्यावर अभ्यासही झालाय बरं का. अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठात 65 जणांवर, 2010 साली आला, बीपी थोडं वाढलेल्या लोकांना दिवसाला तीन कप सहा आठवडे दिले तर वरचा आकडा सरासरी 7 ने उतरला, नुसत्या चवीचं पाणी घेणाऱ्यांचा साधारण 1 ने. आपण जिला गरिबाची भाजी म्हणून बांधावर सोडतो तिची ही गोष्ट, मला तर फार अभिमान वाटतो.

गोदाकाठ
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खरंच आभार. शेजारच्या काकूंकडे गवती चहा आहे, आजच पाती आणून परसबाग ताईंनी सांगितलं तसं केलं, झाकण अजिबात काढलं नाही. पहिल्या घोटाला पावडर आठवली, पण कप संपेपर्यंत बरं वाटत होतं. अंबाडीचं वाचून मिस्टरांना द्यावंसं वाटतंय, त्यांना बीपीची गोळी चालू आहे, चालेल का?

औषधाच्या_दुकानातून
कधीतरी कपभर प्यायले तर काही नाही. पण रोज तीन कप आणि वर गोळी म्हणजे दोन्हींनी मिळून बीपी जास्तच उतरू शकतं, चक्कर येईल. डॉक्टरांना सांगूनच सुरू करा, पहिले पंधरा दिवस घरी मोजून वहीत आकडे लिहा. आणि गोळी स्वतःहून कमी करायची नाही, हे त्यांना माझ्या नावाने सांगा.

परसबाग
ताई, काकूंकडून पातीच आणू नका फक्त, मुळासकट दोन काड्या मागून घ्या आणि आजच कुंडीत लावा, पाऊस आहे तोवर पटकन धरतील.