समोरच्या घरावरचा झेंडा : तुमचे अनुभव सांगा

आमच्या चपलांच्या रॅकवर दोन दिवसांपासून एक पार्सल पडून आहे. पातळ, लांबट. डिलिव्हरीवाला आमच्या दारात टाकून गेला, नाव मात्र समोरच्या घरातल्या गृहस्थांचं. पाठवणाऱ्या कंपनीच्या नावातच ‘फ्लॅग’ आहे, त्यामुळे आत काय असणार ते उघड आहे. त्यांच्या पोर्चवर कॉन्फेडरेट झेंडा असतो, म्हणजे यादवी युद्धात देशातून फुटलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या (कॉन्फेडरसीच्या) सैन्याचा. लाल जमीन, निळी फुली, फुलीवर पांढरे तारे. उन्हाने विटून त्याचा लाल आता गाजरी झालाय, एका कडेचे दोरे सुटून लोंबतायत. म्हणजे नवा मागवला.

आम्ही साउथ कॅरोलायनात, कोलंबियाजवळ, चार वर्षं राहतोय. पार्सल द्यायचंच आहे, त्यात प्रश्न नाही. पण ते हातात धरून रस्ता ओलांडायला पाऊल उचलत नाही. म्हणून विचारते, हा झेंडा तुमच्या वाटेत कधी आला का आणि तेव्हा तुम्ही काय केलंत? काहीच केलं नसेल तर तेही लिहा. यादवी युद्धाचा तास मात्र नको, तो मला नवऱ्याकडून फुकट मिळतो. (त्याचा आजचा धडा: हा कॉन्फेडरसीचा राष्ट्रध्वज कधी नव्हताच, लढाईत सैन्य ओळखू यावं म्हणून केलेलं निशाण होतं. झालं, सांगितलं.)

जुनी कोलंबियाकर

तुमच्याच गावचं सांगते. २०१५ साली माझं ऑफिस स्टेट हाउसपासून, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाच्या इमारतीपासून, चालत पाच मिनिटांवर होतं. १७ जूनच्या रात्री चार्ल्स्टनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये बायबलच्या अभ्यासाला बसलेल्या नऊ कृष्णवर्णीयांना एका गोऱ्या तरुणाने गोळ्या घातल्या. मग त्याचे या झेंड्यासोबतचे फोटो बाहेर आले. त्या आठवड्यात घुमटावरचे दोन्ही झेंडे, देशाचा आणि राज्याचा, अर्ध्यावर उतरवलेले होते. खाली सैनिकांच्या स्मारकाजवळचा हा मात्र काठीच्या टोकाला! मला वाटलं कुणाचा तरी खवचटपणा. तर नाही, कायदाच तसा होता. १९६१ पासून घुमटावर असलेला झेंडा २००० साली खाली स्मारकापाशी आणला, तेव्हा तडजोड अशी झाली होती की विधिमंडळाने ठरवल्याशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही.

त्या चर्चचे पास्टर क्लेमेंटा पिंकनी राज्याचे सिनेटरही होते. त्यांचं पार्थिव दर्शनासाठी स्टेट हाउसमध्ये ठेवलं, तेव्हा झेंडा दिसू नये म्हणून खिडकीला काळा पडदा लावला. तेवढंच करता येण्यासारखं होतं. पुढे ब्री न्यूसम नावाची तरुणी सरळ खांबावर चढली आणि झेंडा काढून खाली आली. तिला अटक झाली आणि तासाभरात झेंडा परत वर.

१० जुलैला अधिकृतपणे उतरवला तेव्हा मी गर्दीत होते. विधानसभेत तेरा तास वाद, मतदान मध्यरात्र उलटल्यावर, आणि उतरवायला मात्र काही मिनिटं. पांढरे हातमोजे घातलेल्या पोलिसांनी तो गुंडाळला, लोक ‘यूएसए, यूएसए’ ओरडत होते. माझ्या शेजारी ऑफिसातली एक कृष्णवर्णीय बाई होती, निवृत्तीला आलेली. घडीची खुर्ची घेऊन आली होती, पण बसली नाही. परतताना म्हणाली, “आता जेवणाच्या सुट्टीत इकडून जाता येईल.” सहा वर्षं आम्ही एकत्र जेवायला जायचो. ती नेहमी मागच्या रस्त्याने न्यायची आणि मी समजत होते की तिला तिकडची सावली आवडते.

आणि हो, निक्की हेली, तेव्हाची आमची भारतीय वंशाची गव्हर्नर. झेंडा उतरवायच्या कायद्यावर सही तिने केली म्हणून आपल्याकडे पेढे वाटायचेच बाकी होते. आदल्या वर्षीच्या निवडणुकीत हीच बाई म्हणत होती की एकाही कंपनीच्या प्रमुखाने या झेंड्याबद्दल तिच्याकडे विषय काढलेला नाही.

मॅग्नोलिया

मिसिसिपीत आमच्या दारासमोर नव्हता, राज्याच्या झेंड्यातच होता. वरच्या डाव्या कोपऱ्यात, १८९४ पासून. २००१ मध्ये सार्वमत घेतलं, तेव्हा जवळजवळ दोन तृतीयांश लोकांनी ‘आहे तोच राहू दे’ म्हटलं.

लेक चौथीत असताना राज्याचा झेंडा काढून आणायचा गृहपाठ होता. तिने तारे बारा काढले. मी नेटवर बघून म्हटलं, तेरा हवेत. तिने विचारलं, तेरा का? मी ऐटीत शोधायला बसले आणि फसले. देशातून फुटून कॉन्फेडरसीत गेलेली राज्यं अकराच, आणखी दोन त्यांनी आपली म्हणून धरली होती. मग, फुटली का? मग मी मिसिसिपीचं १८६१ चं फुटण्याचं जाहीरपत्र उघडलं. त्यात अगदी सुरुवातीलाच लिहिलंय की आमची भूमिका गुलामगिरीच्या व्यवस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे. आडपडदा नाही. ‘युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी होतं, गुलामगिरीसाठी नाही’ वगैरे मला ऑफिसात इतक्या वेळा ऐकवलं होतं की मी ते खरंच मानत होते. लेकीला त्या दिवशी काय सांगितलं ते आठवत नाही. तेरावा तारा मी काढून दिला एवढं आठवतं.

जून २०२० मध्ये विधिमंडळाने तो झेंडा रद्द केला आणि नोव्हेंबरमध्ये नवा मतदानाला ठेवला, मॅग्नोलियाच्या फुलाचा. मी त्याच वर्षी नागरिक झाले होते. मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवारही होते, पण लेक म्हणाली, “आई, आधी फुलाचा गोल भर.” सत्तर टक्क्यांहून जास्त मतं पडली त्याला. एकोणीस वर्षांत तेच राज्य!

पीच स्ट्रीट

अटलांटाच्या उत्तरेला फोर्साइथ काउंटीत घर घेतलं तेव्हा एजंटने शाळांची रेटिंग्ज दाखवली, सबडिव्हिजनमधली देसी नावं दाखवली. इथे आता आपली इतकी माणसं आहेत की मुलांना मराठी वर्गाला नेताना पार्किंगवरून भांडणं होतात. जे दाखवलं नाही ते मला एका सहकाऱ्याने नंतर सांगितलं. १९१२ मध्ये या काउंटीतून जवळपास सगळ्या, म्हणजे हजाराच्या वर कृष्णवर्णीयांना धमकावून, घरं जाळून हाकलून लावलं होतं. पुढची कितीतरी दशकं काउंटी जवळजवळ पूर्ण गोरी राहिली. जानेवारी १९८७ मध्ये तिथे एक छोटा मोर्चा निघाला, त्यावर दगड-बाटल्या पडल्या, आणि फेकणाऱ्यांच्या हातात हेच झेंडे होते. आठवड्याने वीस हजार लोकांचा मोर्चा आला. तो सहकारी त्या दुसऱ्या मोर्चात होता. मी घराचा पत्ता सांगितला तेव्हा तो एवढंच म्हणाला, “हं, तिथे आता छान शाळा आहेत ऐकलं.”

मी काय केलं? घर घेतलं. शाळा खरंच चांगल्या आहेत.

जॉर्जियाची खरी गंमत पुढेच आहे. १९५६ मध्ये, म्हणजे शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरल्यावर दोन वर्षांत, राज्याच्या झेंड्यात ही फुली घातली गेली. २००१ मध्ये रॉय बार्न्स या गव्हर्नरने ती बारीक करून तळाच्या पट्टीत टाकली, आणि पुढच्या निवडणुकीत तो पडला. २००३ मध्ये आला तो आजचा. दिसायला सोज्वळ, तीन पट्टे आणि ताऱ्यांचं कडं. पण कॉन्फेडरसीचा पहिला राष्ट्रध्वज शेजारी ठेवून बघा. आमच्या गणेशोत्सवात पाहुणे आमदार येतात म्हणून स्टेजवर देशाचा आणि राज्याचा असे दोन झेंडे लावतो. तिसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं आणि मी समितीत विषय काढला. खजिनदार म्हणाले, “आता स्टँडला भोकं पाडून झालीयेत.”

गुढीवाला

आमचा किस्सा शार्लटचा, आणि यात माझीच फजिती आहे.

कोपऱ्यावरच्या घरावर हा झेंडा लागला. भांडण कशाला म्हणून मी एचओएकडे, म्हणजे घरमालकांच्या सोसायटीकडे, निनावी तक्रार केली. आठ दिवसांत झेंडा गायब. मी खूश. बायको म्हणाली, इतकं सोपं असतं का? नव्हतंच. एचओएने सगळ्यांना पत्रक काढलं की यापुढे अमेरिकन झेंड्याखेरीज दर्शनी भागात कुठलाही झेंडा, पताका, कापड लावायचं नाही. अमेरिकन झेंड्याला हात लावता येत नाही, त्याला २००५ च्या केंद्रीय कायद्याचं संरक्षण आहे.

मार्चमध्ये पाडवा आला. आम्ही दरवर्षीप्रमाणे पोर्चवर गुढी उभारली. काठी, जरीचा खण, गाठी, वर पालथा तांब्या. चार दिवसांनी पाकिटात माझ्याच पोर्चचा फोटो, तांब्याभोवती लाल गोल आणि खाली ‘परवानगी नसलेला झेंडा, तीस दिवसांत काढावा’. आम्ही तर ती त्याच दिवशी सूर्यास्ताला उतरवून ठेवली होती! तरी मी तावातावाने मीटिंगला गेलो. हा झेंडा नाही, हे आमच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या चालत आलंय, यात कुणाबद्दल द्वेष नाही. बोलता बोलता दिसलं, मागच्या रांगेत तो कोपऱ्यावरचा बसलाय आणि मान डोलावतोय. त्याची सगळी वाक्यं मी म्हणत होतो. आता त्याने ट्रकच्या मागच्या दारावर स्टिकर लावलाय. ट्रकला नियम लागू नाही.

रोखठोक

@गुढीवाला, वाक्यं सारखी असतील, काठ्या सारख्या नाहीत. गुढी घेऊन कुणी मोर्चावर चालून गेलेलं नाही. उगाच स्वतःला पिंजऱ्यात उभं करू नका. बाकी एचओएपुढे अभिव्यक्तिस्वातंत्र्य काढून उपयोग नव्हताच, पहिली घटनादुरुस्ती सरकारला बांधते, सोसायटीला नाही.

गुढीवाला

मान्य. पण हे त्या मीटिंगमध्ये सुचायला हवं होतं ना.

बेयूकाठ

टेक्सासमध्ये मंडळी हा झेंडा गाडीच्या नंबरप्लेटवर मागत होती. राज्याने नकार दिला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. प्लेटवरचा मजकूर सरकारचा समजायचा, म्हणून नकार योग्य, असा निकाल पाच विरुद्ध चार मतांनी लागला. तारीख १८ जून २०१५, चार्ल्स्टनच्या दुसऱ्या दिवशी. माझा स्वतःचा अनुभव काही नाही. पार्किंगमध्ये असला स्टिकर दिसला की दोन रांगा सोडून गाडी लावतो, इतकंच.

ओहायोवासी

आमच्याकडेही दिसतो. ओहायो! या राज्याची पोरं त्या झेंड्याविरुद्ध लढून मेली. लावणारे म्हणतात, हा आमचा ‘वारसा’. कुणाचा म्हणे?

करवत

माझं कदाचित कुणाला आवडणार नाही. ग्रीनव्हिल, सप्टेंबर २०२४, हेलीन वादळ. ड्राइव्हवेवर ओकचं झाड आडवं, वीज नाही, सासूबाईंची औषधं फ्रिजमध्ये. शेजारी, ज्याच्या गॅरेजमध्ये भिंतभर हा झेंडा आहे, न बोलावता करवत घेऊन आला. चार तास राबला. संध्याकाळी त्याच्या जनरेटरवरून आमच्या फ्रिजला वायर ओढून दिली. पैसे घेतले नाहीत. पाणी पिताना त्याने फोनवर एका जुन्या फोटोचा फोटो दाखवला. पणजोबांचे वडील, वय एकोणीस, व्हर्जिनियात मेले. म्हणाला, घरात एकही गुलाम नव्हता, जमीन होती ती पण कुळाची.

मला विचारायचं होतं की मग भिंतीवर त्या पोराचा फोटो का नाही, झेंडा का? नाही विचारलं. वायर अजून लावलेली होती.

जुनी कोलंबियाकर

@करवत, आवडलं-नावडलं सोडा. रस्त्याच्या पलीकडे कृष्णवर्णीय घर असतं तर तो तिकडेही गेला असता का? टोमणा नाही, खरंच विचारतेय.

करवत

पलीकडे आहे एक. त्यांच्याकडे तो गेला नाही. पण त्यांचं झाडही पडलं नव्हतं. बघा, काय निष्कर्ष काढायचा तो काढा. मी वर्षभर काढतोय.

पाहुणा

आपण इथे नोकरीसाठी आलो. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्यांच्या भाऊबंदकीत आपण कशाला पडायचं?

मॅग्नोलिया

तुम्ही पडू नका. माझी लेक इथली आहे, तिने ते तारे मोजलेत.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. पार्सल आज दिलं.

संध्याकाळी ते अंगणाला पाणी घालत होते. मी मोठ्याने ‘हॅलो’ म्हणत गेले. घशातून अर्धाच आवाज आला. त्यांनी पाकीट घेतलं, नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं. मग वर पोर्चकडे बघितलं आणि विचारलं, “तुला याचा त्रास होतो का?” मी घरून तीन-चार वाक्यं घोकून नेली होती, वर आलेल्यातली दोन चोरलेलीही होती. एकही आठवलं नाही. “हो,” म्हटलं.

ते “ओके” म्हणाले. रागावून नाही, हवामान सांगितल्यावर म्हणतात तसं. पाण्याचा पाइप बंद केला, पाकिटासाठी परत एकदा थँक्यू म्हणाले आणि आत गेले.

नवरा खिडकीतून बघत होता. आत्ता रात्रीचे साडेनऊ वाजलेत, पोर्चचा दिवा चालू आहे. अजून तरी जुनाच लोंबतोय.