मदत हवी आहे: लहान मेंदूतली गाठ, किडनीचा कॅन्सर पसरलाय की दुसरंच काही?

कोणी पॅथॉलॉजीवाले किंवा यातून गेलेले असतील तर प्लीज सांगा. मावशी, वय ५४. ९ वर्षांपूर्वी क्लिअर सेल कॅन्सरमुळे तिची एक किडनी काढली, त्यानंतरचे सगळे चेकअप नॉर्मल. गेल्या महिन्यात सकाळी उठलं की डोकं ठणकायचं, उलट्या, चालताना तोल जायचा, कप टेबलावर ठेवायला जायची आणि हात कडेच्या बाहेरच. एमआरआयमध्ये लहान मेंदूत पाण्याची पिशवी आणि तिच्या भिंतीला चिकटलेली छोटी गाठ. जुनी फाईल बघितल्या बघितल्या सगळे म्हणाले कॅन्सर मेंदूत गेलाय. पेट स्कॅनमध्ये (सगळ्या अंगात कॅन्सर शोधतात तो) बाकी कुठेच काही नाही.

ऑपरेशन झालं, गाठ पूर्ण निघाली म्हणतात. पण बायप्सीत लिहिलंय मेटास्टॅसिस (म्हणजे पसरलेला कॅन्सर) किंवा हिमँजिओब्लास्टोमा (रक्तवाहिन्यांची, कॅन्सर नसलेली गाठ), आयएचसी (पेशी कुठल्या ते रंगवून ओळखायची टेस्ट) करा. आणि रेडिएशनची तारीख मात्र पुढच्या आठवड्याची देऊन मोकळे! दोन्ही गाठी खरंच इतक्या सारख्या दिसतात का? आयएचसीसाठी परत डोकं उघडायचं का?

प्रतिसाद १:
पॅथॉलॉजीत आहे. हो, फसवतात. दोन्हीत फिकट, चरबीने भरलेल्या पेशी आणि रक्तवाहिन्यांचं दाट जाळं, त्यात जुनी हिस्ट्री किडनीची. परत ऑपरेशन नको, काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात जपलेला (पॅराफिन ब्लॉक) लॅबमध्ये असतो, त्यातूनच काप काढतात. आयएचसीत पेशींतली ठरावीक प्रथिनं, म्हणजे मार्कर, तपासतात: इनहिबिन पॉझिटिव्ह आणि पॅक्स-८, सीडी१० निगेटिव्ह आले तर कल हिमँजिओब्लास्टोमाकडे, उलट आलं तर किडनीकडे. एकाच मार्करवर विसंबू नका, पूर्ण पॅनेल करा. हिमँजिओब्लास्टोमा ग्रेड १ असतो, पूर्ण निघाला तर सहसा रेडिएशन लागत नाही, म्हणून रिपोर्ट येईपर्यंत थांबता येईल का हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

अजून एक, हिमँजिओब्लास्टोमाच निघाला तर व्हीएचएल (व्हॉन हिपेल-लिंडाऊ, आनुवंशिक आजार) जीनची टेस्ट विचारा. हा दोष असेल तर किडनीचा कॅन्सर आणि ही गाठ दोन्ही एकाच माणसात होऊ शकतात, डोळ्याच्या पडद्यावरही गाठी येतात. मुलांत उतरायची शक्यता ५० टक्के.

धागाकर्ता:
खूप आभार ताई, ब्लॉक उद्याच मागतो. पण डोळ्यांचं वाचून थबकलो. आजोबांचा, म्हणजे मावशीच्या वडिलांचा, एक डोळा तरुणपणीच गेला होता, का ते घरात कधी कुणी विचारलंच नाही. मग आईचीपण टेस्ट करायची का?