प्रोलॉगचं श्रेय मार्सेयचं, एडिनबराचं नव्हे

भाषावेडी :
प्रोलॉग या प्रोग्रॅमिंग भाषेचा विषय निघाला की सगळे थेट गणिती तर्कशास्त्राकडे वळतात. मला ते पटत नाही. १९७२ साली फ्रान्समधल्या मार्सेयला आलँ कोल्मरोएर आणि फिलिप रूसेल यांनी ही भाषा घडवली, ती संगणकाशी फ्रेंचमध्ये बोलता यावं म्हणून. त्याआधी कोल्मरोएर मॉन्ट्रियलला यांत्रिक भाषांतरावर काम करत होते. क्यू-सिस्टिम्स ही नियम लिहिण्याची पद्धत त्यांनी तिथेच काढली. प्रोलॉगचं मूळ व्याकरणात आहे.

रिकामा_संच :
ताई, ही निम्मीच गोष्ट झाली. १९६५ साली जॉन ॲलन रॉबिन्सन यांनी रेझोल्यूशन मांडलं नसतं तर मार्सेयवाल्यांच्या हाती काय होतं? रेझोल्यूशन म्हणजे अनुमानाचा एकच नियम, तोही यंत्राला झेपेल असा. पण मोकाट सोडला तर निष्कर्षांचा ढीग वाढतच जातो. एडिनबराच्या रॉबर्ट कोवाल्स्की आणि डोनाल्ड क्यूनर यांनी १९७१ मध्ये त्याला लगाम घातला. पुढचं तर याहून मोठं. 'ब आणि क खरे असतील तर अ खरा' हे विधान कोवाल्स्कींनी 'अ सोडवायचाय? आधी ब सोडव, मग क' असं वाचलं. तर्कातलं वाक्यच प्रोग्रॅम झालं! हे मला पहिल्यांदा उमगलं त्या रात्री झोप लागली नव्हती.

जुना_लिस्पवाला :
तुम्ही दोघंही एमआयटीला विसरलात. 'हे साध्य करायचंय' म्हटलं की जुळणारी कृती आपोआप सुरू व्हायची, अडली तर मागे फिरून दुसरी वाट धरायची, हे सगळं कार्ल ह्यूइट यांच्या प्लॅनर या भाषेत १९६९ सालीच मांडलेलं होतं.

भाषावेडी :
प्लॅनरचा मान मोठाच. पण संच, कोवाल्स्कींना १९७१ च्या उन्हाळ्यात मार्सेयला बोलावलं ते कोल्मरोएर यांनीच ना? 'वाक्य म्हणजे कर्ता आणि क्रियापद' हा नियम घ्या. वाक्य ओळखायचं तर आधी कर्ता ओळख, मग क्रियापद. तुमचा अ-ब-क हाच तर आहे! व्याकरण करणारा माणूस नियम असाच वाचत आलाय.

रिकामा_संच :
व्याकरणाचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. तरी सगळं श्रेय मार्सेयला देणार नाही. डेव्हिड वॉरन आणि सहकाऱ्यांनी १९७७ च्या सुमारास प्रोलॉगचे प्रोग्रॅम यंत्रभाषेत उतरवणारा कंपायलर केला तेव्हा प्रोलॉग वेगात लिस्प या जुन्या भाषेच्या पंक्तीला बसला, आणि तो एडिनबरात झाला. आजही आपण प्रोलॉग लिहितो ते एडिनबराच्याच लेखनपद्धतीत.