स्कॉटिश बॅलडमधला इतिहास कितपत खरा?

पांझराकाठ (धुळे)
आमच्या वाचन मंडळात आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) गाण्यांसोबत स्कॉटिश बॅलडवर, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या लोकगीतांवर, एक सत्र आहे. ‘सर पॅट्रिक स्पेन्स’मधलं बुडालेलं जहाज, ‘मेरी हॅमिल्टन’ची फाशी, हे खरंच घडलंय का? ठामपणे काय सांगता येईल?

जळगावकर
भाऊ, नावावर जाऊ नका. तोंडी गाण्यात आधी नाव बदलतं, प्रसंग टिकतो.

मेरी हॅमिल्टनच घ्या. गाण्यात ती राणीच्या चार मेरींपैकी एक, आपलं बाळ मारल्याबद्दल तिला फाशी होते. स्कॉटलंडची राणी मेरी हिच्या खऱ्या चार मेरी सख्या म्हणजे सेटन, बीटन, फ्लेमिंग आणि लिव्हिंग्स्टन. त्यांत हॅमिल्टन कुणीच नाही. पण १५६३ मध्ये राणीच्या महालातली एक फ्रेंच दासी आणि राणीचा औषधवाला, दोघांना नवजात बाळाच्या खुनासाठी एडिंबरात फाशी झाली. त्या काळचा धर्मसुधारक जॉन नॉक्स याने ते लिहून ठेवलंय. गाण्याच्या बऱ्याच पाठांत बाळाचा बाप राणीचा नवरा डार्नली. तो तर स्कॉटलंडात आला १५६५ मध्ये. आणि काही थोड्या पाठांत तिचा प्रियकर चक्क औषधवाला आहे! माझ्या मते सगळ्यात भक्कम धागा हाच. नाव बहुधा १७१९ चं: रशियाचा सम्राट पीटर द ग्रेट याच्या दरबारातल्या मेरी हॅमिल्टनचा अशाच गुन्ह्यासाठी शिरच्छेद झाला होता. बॅलडचे संग्राहक चाइल्ड आधी रशियाकडे झुकले, पुढे त्यांनी मत बदललं.

तापीपूर्णा
स्पेन्सबद्दल: काही पाठांत राजा त्याला नॉर्वेला पाठवतो आणि जहाज बुडतं. इतिहासात १२८१ मध्ये स्कॉटलंडचा राजा तिसरा अलेक्झांडर याची मुलगी मार्गारेट नॉर्वेच्या राजा एरिकला दिली. तिला पोचवून परतताना वऱ्हाडातले बरेच जण बुडाले. तिची लेक १२९० मध्ये स्कॉटलंडला येताना ऑर्कनी बेटांवर वारली. गाण्यात दोन्ही प्रवास मिसळले असावेत. पण पहिला छापील पाठ १७६५ चा. म्हणून ‘१२८१ च्या घटनेशी जुळतं’ एवढंच म्हणा.

अहिराणी_संग्रह
चाइल्डच्या ३०५ बॅलडच्या संग्रहात स्पेन्स ५८ आणि हॅमिल्टन १७३ क्रमांकावर आहे. तिथले पाठ वेगवेगळे वाचा. प्रत्येकाचं गाणारं माणूस, गाव, साल टिपा. लेखक वॉल्टर स्कॉटने अनेक पाठ जोडून एक केले, त्यामुळे त्याच्या जुळवलेल्या ओळी पुरावा म्हणून चालत नाहीत. दोन थडग्यांवर उगवून गुंतणारी गुलाबाची आणि काटेरी झुडपं तर कुठल्याही गाण्यात येतात, ती सोडून द्या. नवीन नावंही घुसतात: एअरलीच्या वाड्यावरचं गाणं पाहा. तो वाडा अर्गाइल या सरदाराने १६४० मध्ये जाळला, पण पुढच्या पाठांत १७४५ च्या बंडाचा प्रिन्स चार्ली येऊन बसला.

ताई-माईंकडून आखाजीची गाणी घेताना हीच काळजी घ्या. चोपड्याचा आणि शिरपूरचा पाठ मिसळून ‘शुद्ध’ गाणं करू नका. गाव, गाणारीचं वय, तारीख लिहून दोन्ही वेगळे ठेवा.