रूबर की सॅक्युलिफर? फोरॅम ओळखताना गोंधळ होतोय

प्रश्न: समुद्रतळाच्या गाळातले फोरॅम (कप्प्याकप्प्यांचं कवच असलेले सूक्ष्म एकपेशीय जीव) वेचतेय, १५० मायक्रॉनच्या चाळणीवर राहिलेले. ग्लोबिजेरिनॉइड्स रूबर आणि ट्रायलोबेटस सॅक्युलिफर या दोन जाती मला सारख्याच दिसतात, शेवटचा कप्पा पिशवीसारखा असला की सॅक्युलिफर हे कळतं पण बऱ्याच जणांना ती पिशवी नसतेच, मग काय बघायचं?

उत्तर: पिशवी सोडा, तोंड म्हणजे कवचाचं उघडं भोक बघा. रूबरचं मुख्य तोंड आधीच्या दोन कप्प्यांच्या सांध्यावर बरोब्बर मधोमध येतं, छान कमानीसारखं. सॅक्युलिफरचं तसं मधोमध नसतं आणि भिंत मधाच्या पोळ्यासारखी खड्ड्याखड्ड्यांची. ओल्या ब्रशच्या टोकाने हळूच फिरवत सगळ्या बाजू बघा, एका बाजूवरून नाव द्यायचंच नाही.

उत्तर: गाळ कुठला आहे? रूबरचा गुलाबी प्रकारही असतो, पण हिंदी आणि प्रशांत महासागरात तो साधारण १,२०,००० वर्षांपूर्वी संपला, अटलांटिकमध्ये अजून आहे. त्यामुळे हिंदी किंवा प्रशांत महासागराच्या गाळात गुलाबी दिसला तर वयाचाही अंदाज येतो, मला तर हे फार भारी वाटतं!

प्रश्नकर्ती: अटलांटिकचाच आहे. आत्ता एक फिरवून बघितला, कमान एकदम मधोमध! कालचे सगळे परत तपासते.