ग्राफीनचं नुसतं सिम्युलेशन: एमएस्सीच्या प्रोजेक्टला तेवढं पुरे का?

मल्हारगंजकर
इंदूरच्या एका कॉलेजात मी एमएस्सीला फिजिक्स शिकवतो. यंदा सहांपैकी चार मुलांनी एकच विषय आणलाय: टेराहर्ट्झ लहरी (मायक्रोवेव्ह आणि इन्फ्रारेडच्या मधल्या) शोषणारं, हवं तसं जुळवून घेता येणारं ग्राफीन मेटामटेरियल, म्हणजे कार्बनच्या एका अणूएवढ्या जाड थराच्या बारीक पट्ट्या ओळीने मांडून केलेली रचना. विषयाबद्दल वादच नाही. सोन्याच्या पट्टीतले इलेक्ट्रॉन कमीजास्त करता येत नाहीत. ग्राफीनमध्ये गेटचा (थराशेजारच्या इलेक्ट्रोडचा) व्होल्टेज फिरवला की ते बदलतात आणि पट्ट्या तशाच ठेवून अनुनाद, म्हणजे शोषणाचं शिखर, सरकतो. २०११ मध्ये अमेरिकेत बर्कलीत हे करून दाखवलं. मायक्रॉनभर रुंदीच्या पट्ट्या, साधं खोलीचं तापमान, आणि एका अणूएवढ्या जाडीच्या थरात १३ टक्क्यांहून जास्त शोषण!

पण चौघांच्याही फायलीत रिलॅक्सेशन टाइम (इलेक्ट्रॉनच्या दोन टकरींमधला सरासरी वेळ) १ पिकोसेकंद. का, विचारलं तर "सर, पेपरमध्ये तोच असतो." तांब्याच्या पत्र्यावर वाढवून दुसरीकडे उतरवलेल्या ग्राफीनची मोबिलिटी (इलेक्ट्रॉन किती सहज सरकतात त्याचं माप) २,००० (चौ. सेंमी प्रति व्होल्ट-सेकंद) धरा, फर्मी ऊर्जा (इलेक्ट्रॉन जिथवर भरलेत ती पातळी) ०.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरा. उत्तर येतं ०.१ पिकोसेकंद. सरळ दहावा हिस्सा. मग ३ टेराहर्ट्झला स्क्रीनवर सुईसारखं दिसणारं शिखर पसरून नुसता उंचवटा राहतो.

यापुढे नुसत्या सिम्युलेशनचा प्रोजेक्ट घ्यायचा नाही असं मी ठरवलंय. तुमचं मत सांगा.

रामबागची लेक
सर, अजिबात पटलं नाही. आपल्या मुलांकडे क्लीनरूम (धूळमुक्त प्रयोगशाळा) नाही, पट्ट्या कोरायचं यंत्र नाही. संगणक आहे, तर तोच दरवाजा आहे. माझाही प्रोजेक्ट असाच होता. लॅबमधला एकच बरा संगणक, रात्री सिम्युलेशन चालू करून घरी जायचं, सकाळी येऊन पाहावं तर लाइट गेलेली आणि रन अर्धवट. तरी सीमेवर विद्युतक्षेत्राचं काय होतं ते मला त्या रंगीत नकाशातच पहिल्यांदा कळलं, वर्गात नाही. तुम्ही दार लावलंत तर ही मुलं कोचिंग क्लासला शिकवायला जातील.

सिमरोल रोड
सरांशी सहमत, उलट मी आणखी पुढे जाईन. या पेपरांमध्ये फर्मी ऊर्जा ०.१ पासून १ पर्यंत पंख्याचा रेग्युलेटर फिरवावा तशी फिरवतात. विद्युतभार तिच्या वर्गाच्या प्रमाणात लागतो, म्हणजे दहापट ऊर्जेला शंभरपट भार. ३०० नॅनोमीटर जाडीच्या सिलिकॉन ऑक्साइडवरून गेट दिला तर ०.५ गाठायलाच सुमारे २५० व्होल्ट लागतात, आणि तिथे ऑक्साइड फुटायच्या बेताला येतो. बर्कलीवाल्यांनी आयन-जेल (थोड्या व्होल्टेजला भरपूर भार आणणारं जेल) उगीच नाही वापरलं. शिवाय वारंवारता भाराच्या चौथ्या मुळाने वाढते: भार दुप्पट केला तर शिखर जेमतेम १९ टक्के सरकतं. "हवं तसं जुळवता येणारं" लिहिण्याआधी हा हिशेब मुलांनी हाताने करावा.

रामबागची लेक
मग तोच हिशेब प्रोजेक्टमध्ये घाला ना! अट घाला, बंदी कशाला?

जुनी इंदूर
मी इंजिनिअर, ग्राफीनमधलं फारसं कळत नाही. पण जगदीशचंद्र बोसांनी १८९८ मध्ये तागाचे पीळ घालून विद्युतलहरींचं ध्रुवीकरण वळवून दाखवलं होतं. रेल्वेच्या वेळापत्रकाच्या पानांमध्ये कथलाचा वर्ख घालून त्याचाच पोलरायझर (एकाच दिशेने कंपणाऱ्या लहरी जाऊ देणारी चाळणी) केला. मेटामटेरियलची मूळ कल्पना तीच ना? मायक्रोवेव्हला पट्ट्या मिलिमीटर-सेंटीमीटरच्या होतात, त्या कात्रीने कापता येतील. मुलांच्या हाताला काहीतरी लागू द्या.

सिमरोल रोड
कल्पना छान, पण त्यात व्होल्टेजने काहीच बदलत नाही. मूळ प्रश्न तसाच राहतो.

राजवाडा_८
सर, मी त्या चौघांतली एक. तुम्ही वर्गात बोललात म्हणून काल रात्री रिलॅक्सेशन टाइम ०.१ टाकून चालवलं. शोषण ९९ वरून ३३ टक्क्यांवर आलं. आधी वाटलं, प्रोजेक्ट गेला. मग लक्षात आलं की ग्राफीनमधला ऊर्जेचा क्षय दहापट झाला आणि बाहेरच्या लहरीशी असलेली जोडणी तेवढीच राहिली, म्हणून जुळणी बिघडली (दोन्ही सारखे असले तरच शोषण पूर्ण होतं). पट्ट्यांमधली फट कमी केली तर ५० च्या वर जातंय. हे पेपरमध्ये कुठे वाचलं नव्हतं. मला हाच विषय करायचा आहे.

मल्हारगंजकर
फट आणखी कमी करून बघ. शेजारच्या पट्ट्या एकमेकींवर परिणाम करतील आणि शिखर खालच्या वारंवारतेकडे सरकेल, ते किती सरकतं तेही नोंदव. ०.०५ पिकोसेकंद टाकूनही चालव. बाकी तिघांना ही फाइल आत्ताच देऊ नकोस, त्यांना स्वतः अडखळू दे. सोमवारी अकराला लॅबमध्ये ये, गेटच्या व्होल्टेजचा हिशेब कागदावर करून आण.