४२९४९६७२९७ चे अवयव: १२८ चा नियम दहावीच्या मुलांना कसा समजावावा?

नमस्कार. तासगाव तालुक्यातील आमच्या गावात मी नववी-दहावीच्या मुलांसाठी रविवारी गणित मंडळ चालवतो. सध्या आम्ही २^३२ + १, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या घेतली आहे. याच घडणीच्या आधीच्या ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या संख्या मूळ आहेत, म्हणून फर्मा या गणितज्ञाला हीदेखील मूळ असावी असे वाटत होते. १७३२ मध्ये ऑयलरने तिला ६४१ ने पूर्ण भाग जातो हे दाखवले.

६४१ = ५ × २^७ + १ आणि ६४१ = ५^४ + २^४ ही दोन रूपे शेजारी लिहिली, की भागाकार न करताच हे सिद्ध होते, आणि ते मुलांना मनापासून आवडले. पहिल्या रूपावरून ५ × २^७ ची बाकी −१, म्हणून ५^४ × २^२८ ची बाकी १; दुसऱ्या रूपावरून ५^४ च्या जागी −२^४ घेता येतो, म्हणजे −२^३२ ची बाकी १. फर्माच्या छोट्या प्रमेयावरून (मूळ संख्या प ने अ ला भाग जात नसेल, तर अ^(प−१) ला प ने भागल्यावर बाकी १ उरते) प्रत्येक मूळ अवयव ६४क + १ या रूपाचा असतो (क ही पूर्ण संख्या), हेही त्यांना पटले आहे.

अडचण पुढे आहे. दुसरा अवयव ६७,००,४१७ मूळ आहे हे मुलांना वहीतच तपासायचे आहे. त्यासाठी २,५८८ पर्यंतचे विभाजक पाहावे लागतात आणि ६४ च्या नियमाने ४० संख्या उरतात. अवयव १२८क + १ याच रूपाचे असतात हा ल्यूकाचा नियम वापरला तर त्या निम्म्या होतात, परंतु मला माहीत असलेली सिद्धता वर्गशेषांच्या (वर्गसंख्यांना मूळ संख्येने भागल्यावर उरणाऱ्या बाक्यांच्या) सिद्धांतावर उभी आहे आणि तो या मुलांना शिकवलेला नाही. नियम केवळ सांगून वापरायला लावणे मला योग्य वाटत नाही. त्यांच्या आवाक्यातील सिद्धता कोणी सुचवू शकेल का?

प्रतिसाद:

सर, नमस्कार. वर्गशेषांची गरज नाही. दिलेल्या संख्येला न म्हणा आणि य = २^८ × (२^१६ − १) घ्या. मग य² = २^१६ × (२^३२ − २^१७ + १) = २^१६ × (न − २^१७). न च्या पटी वगळल्या की −२^३३ उरतो, आणि तो −२न + २ असल्यामुळे य² ची बाकी २ येते. न च्या कोणत्याही मूळ अवयवाने भागले तरी हेच खरे राहते. म्हणून य^६४ ची बाकी २^३२ इतकी, म्हणजे −१, आणि य^१२८ ची १. येथून पुढे ६४ साठी केलेला युक्तिवाद २ ऐवजी य घेऊन शब्दशः चालतो.

आता २,५८८ पर्यंत १२८क + १ या रूपाच्या मूळ संख्या २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९ एवढ्याच आहेत. २५७ ने २^३२ − १ ला भाग जातो, त्यामुळे न ला भागल्यास बाकी २ उरते आणि तो वगळता येतो. उरलेल्या चौघांनी ६७,००,४१७ ला भागल्यावर अनुक्रमे ४४, १२०, ३३४ आणि ६२२ बाकी राहते.